कोल्ह्यांसाठी .२२३ रायफल: गोळी ४० ग्रेनची घ्यावी, ५५ची, की आणखी जड?

माळरान (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, हॅमिल्टनजवळ आमचे मेंढ्यांचे छोटे शेत आहे. आमच्या मेंढ्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टच्या दरम्यान वितात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत लाल कोल्ह्यांचा वावर वाढतो. जुळ्यांपैकी अशक्त राहिलेले किंवा आईपासून थोडे दूर पडलेले कोकरू ते उचलून नेतात. हा प्राणी मूळचा इथला नाही. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी तो युरोपातून आणून सोडण्यात आला आणि आज इथल्या १९९४ च्या कायद्याखाली तो उपद्रवी प्राणी ठरलेला असून त्याला आवर घालण्याची जबाबदारी जमीनमालकावर आहे. भारतात कोल्हा आणि खोकड या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ इथल्या परिस्थितीपुरता आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

माझ्याकडे .२२ रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची) रायफल पूर्वीपासून आहे. पन्नास मीटरच्या पुढे ती कोल्ह्यावर चालवणे मला योग्य वाटत नाही, कारण तेवढ्या अंतरावरून प्राणी जखमी होऊन निसटण्याची शक्यता फार असते. म्हणून जास्त ताकदीच्या रायफलीसाठी लागणारा बी वर्गाचा परवाना काढून .२२३ रेमिंग्टनची बोल्ट ॲक्शन रायफल घेतली. नळी २२ इंचांची आहे आणि तिच्यावर १:८ असा ट्विस्ट (नळीतल्या पिळदार खाचांचे प्रमाण) कोरलेला आहे. दुकानात ४०, ५०, ५५ आणि ६९ ग्रेन अशा चार वजनांची काडतुसे होती. दुकानदाराने फारसा विचार न करता ५५ ग्रेनचा खोका पुढे सरकवला. शेजारच्या शेतावरचे वयस्कर गृहस्थ .२२२ रेमिंग्टन वापरतात आणि ५० ग्रेनच्या पलीकडे जायचेच नाही, असे बजावतात. त्याच दुकानात भेटलेल्या तिसऱ्या एका माणसाचे म्हणणे असे की १:८ ट्विस्टच्या नळीत हलकी गोळी घालणे म्हणजे नळी वाया घालवणे.

आमच्याकडे बहुतेक वेळा रात्री यूटच्या (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या) हौद्यात उभे राहून, स्पॉटलाइटच्या उजेडात, ८० ते १५० मीटरवर नेम धरावा लागतो. क्वचित २०० मीटरपर्यंत. पश्चिमेचा वारा जवळजवळ रोजचाच असतो. कातडी विकायची नाही, त्यामुळे छिद्र केवढे पडते याची चिंता नाही. मात्र शेताच्या एका अंगाला रस्ता आहे आणि दगड आपटून गोळी उसळण्याची मला भीती वाटते. हलकी गोळी वाऱ्याने जास्त ढळते का, १:८ च्या नळीला जड गोळीच लागते का, आणि उसळण्याच्या दृष्टीने कोणते वजन बरे, या तिन्ही गोष्टींवर जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

बालेवाडी

प्रश्नात थोडी आडकाठी करतो, त्याबद्दल क्षमस्व. मी पुण्यात दहा मीटर एअर रायफल खेळतो. आमचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. ग्रेन म्हणजे नेमके किती, हे कुणी सांगेल का?

जुनी नळी

बालेवाडी, एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. एका पौंडात ७,००० ग्रेन बसतात. म्हणजे ५५ ग्रेनची गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची, तुमच्या छऱ्याच्या सातपट, आणि ४० ग्रेनची २.६ ग्रॅमची. आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माळरान, उत्तर लांबेल, पण तुम्ही अंतर, वारा, नळी आणि रस्ता हे सगळे सांगितले आहे, त्यामुळे मोघम बोलण्याची गरज उरलेली नाही.

आधी प्राण्याचा विचार करावा. ऑस्ट्रेलियातला लाल कोल्हा चार ते आठ किलोंच्या दरम्यान असतो. जाड केस सोडले तर खाली हाडे बारीक आणि कातडी पातळ. हृदय आणि फुप्फुसे मिळून बाजूने साधारण दहा सेंटिमीटरचे वर्तुळ होते. एवढ्या शरीरात खोल शिरण्यासाठी गोळीला वजन लागत नाही. तिने आत शिरल्याबरोबर लगेच फुटावे, एवढेच पुरते. म्हणून वजनाच्या आधी गोळीची बांधणी पाहावी. प्लास्टिकच्या टोकाची, पातळ आवरणाची, लहान प्राण्यांसाठी म्हणूनच बनवलेली गोळी घ्यावी. व्ही-मॅक्स, ब्लिट्झकिंग, बॅलिस्टिक टिप ही त्यांतली सहज मिळणारी नावे. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाशी मऊ शिसे उघडे असलेली गोळीही चालते. पूर्ण आवरणाची लष्करी धाटणीची गोळी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये: ती आरपार जाते, प्राणी तत्काळ मरत नाही आणि पलीकडे दगड असेल तर उसळते. तुम्ही पाहिलेली ६९ ग्रेनची गोळी बहुधा स्पर्धेसाठी बनवलेली असावी. तिच्या टोकाला छिद्र असते, पण ते उत्पादनाच्या सोयीचे. ती प्राण्याच्या शरीरात भरवशाने उमलेल असे नाही. तेव्हा खोक्यावर वजनाच्या शेजारी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.

आता वाऱ्याचे. हलकी गोळी जास्त ढळते, हे वाक्य इतक्यांदा कानावर येते की कुणी ते तपासत नाही. हॉर्नडी या काडतुसे बनवणाऱ्या कंपनीच्या .२२३ काडतुसांचे कारखान्याने दिलेले वेग घेऊ. ४० ग्रेनची व्ही-मॅक्स नळीतून सेकंदाला ३,८०० फुटांनी, म्हणजे सुमारे १,१६० मीटरने निघते. ५५ ग्रेनची ३,२४० फुटांनी, म्हणजे सुमारे ९९० मीटरने. दोनशे यार्डांवर पहिलीचा वेग २,८४५ फुटांच्या आसपास उरतो, दुसरीचा २,५०० फुटांच्या. जड गोळी हवेला जास्त दाद देत नाही हे खरे, परंतु ती निघतेच संथ. वाऱ्याने होणारे ढळणे हे गोळी एकूण किती वेळ हवेत होती यावर ठरत नाही. हवेचा अडथळा नसता तर लागला असता त्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, त्या उशिरावर ते ठरते. हा उशीर दोन्ही गोळ्यांच्या बाबतीत जवळजवळ सारखा निघतो: दोनशे यार्डांवर सेकंदाचा चाळिसावा हिस्सा, थोडे इकडे-तिकडे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरला तर दोन्ही अकरा-साडेअकरा सेंटिमीटर ढळतात. तुमच्या १५० मीटरवर हाच आकडा सात सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि तो ४०, ५०, ५५ आणि ६९ या चारही वजनांना लागू पडतो. त्यांच्यातला फरक साधारण एका सेंटिमीटरच्या आत राहतो. तुमच्या जुन्या .२२ मध्येही याचा पडताळा घेता येतो, कारण ध्वनीच्या वेगाहून किंचित जलद निघणारे काडतूस वाऱ्यात संथ काडतुसापेक्षा जास्त ढळते. त्याला उशीर जास्त होतो.

यातून निघणारी गोष्ट वजनापेक्षा महत्त्वाची आहे. वारा ताशी ३० किलोमीटरचा झाला की १५० मीटरवरचे ढळणे १३ सेंटिमीटरच्या घरात जाते आणि लक्ष्य आहे दहा सेंटिमीटरचे, म्हणजे मध्यापासून पाच. अशा रात्री खोका बदलून काही साधत नाही. अंतर कमी करावे, किंवा यूट फिरवून वारा समोरून अथवा पाठीमागून येईल अशी जागा घ्यावी.

मग जड गोळीचा फायदा कुठे होतो? तीनशे मीटरच्या पलीकडे, आणि तिथेही केवळ वजनामुळे नाही. हॉर्नडीच्याच यादीत ५३ ग्रेनच्या व्ही-मॅक्सचा बॅलिस्टिक गुणांक (जितका मोठा तितकी गोळी हवा सहज कापते) ०.२९० आहे आणि तिच्याहून जड असलेल्या ६० ग्रेनच्या गोळीचा ०.२६५. पहिलीचे टोक लांब आणि निमुळते आहे, एवढाच फरक. हवेला कापायचे काम आकार करतो.

राहिला ट्विस्ट. १:८ म्हणजे नळीतल्या खाचा आठ इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. गोळी जितकी लांब तितका तिला स्थिर ठेवण्यासाठी जलद फिरकीची गरज असते. इथे निकष लांबीचा आहे. वजन आपण केवळ सोयीसाठी बोलतो, कारण एकाच व्यासाची आणि एकाच धातूची गोळी जड झाली की लांबही होते. ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचे सूत्र मांडले, ते आजही अंदाजाला पुरते. ढोबळ मानाने .२२ च्या व्यासात १:१४ ची नळी ५५ ग्रेनपर्यंत, १:१२ ची साठीपर्यंत, १:९ ची सत्तरच्या थोडे पुढे आणि १:८ ची ७७ ते ८० ग्रेनपर्यंतच्या शिसाच्या गाभ्याच्या गोळ्या सांभाळते. तुमच्या शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे त्यांच्या रायफलीपुरते अगदी रास्त आहे, कारण १९५० मध्ये आलेल्या .२२२ ला परंपरेने १:१४ चाच ट्विस्ट असतो. दुकानात भेटलेल्या तिसऱ्या माणसाचे म्हणणे मात्र उलटे आहे. जलद ट्विस्ट लांब गोळी पेलू शकतो, याचा अर्थ त्याला आखूड गोळी वर्ज्य आहे असा होत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ४० ग्रेनची गोळी ३,८०० फुटांच्या वेगाने १:८ मधून निघाली की ती मिनिटाला सुमारे ३ लाख ४२ हजार फेरे घेते. १:१२ मधून निघणाऱ्या ५५ ग्रेनच्या गोळीचे फेरे १ लाख ९४ हजारच भरतात. आजच्या प्लास्टिक टोकाच्या बहुतेक गोळ्या हे सहन करतात. पण हॉर्नेटसारख्या संथ काडतुसांसाठी बनवलेल्या अतिशय पातळ आवरणाच्या गोळ्या अशा फिरकीने हवेतच विखरू शकतात आणि लक्ष्याच्या कागदावर छिद्राऐवजी करडा पट्टा दिसतो. काडतुसे घरी भरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

माझे मत विचाराल तर ५० ग्रेनपासून सुरुवात करावी आणि ५३ व ५५ सोबत आणावेत.

श्रॉपशरकर

जुनी नळी यांनी वाऱ्याचा जो हिशेब मांडला आहे तो मला मान्य आहे, आणि तो इतक्या स्पष्टपणे क्वचितच वाचायला मिळतो. एका मुद्द्यावर मात्र थोडे वेगळे म्हणणे मांडतो. ४० ग्रेनची गोळी त्यांनी फारशी नाकारलेली नाही. मी ती नाकारेन, आणि त्याचे कारण वारा नाही, जवळचे अंतर आहे.

इंग्लंडमध्ये, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्याकडे तर जास्तच, कोल्ह्याला शिट्टी वाजवून जवळ बोलावतात. दुमडलेल्या पत्र्याची ती छोटी शिट्टी संकटात सापडलेल्या सशासारखी किंचाळते आणि भुकेला कोल्हा सरळ तिच्या रोखाने येतो. तो तीस-चाळीस मीटरवर येऊन थबकतो, आणि थबकतो तोही तोंड आपल्याकडे करून किंवा तिरका. बरगड्यांची मोकळी बाजू अशा वेळी दिसत नाही. खांद्याचे हाड मध्ये येते. तिथे ४० ग्रेनची नाजूक गोळी सेकंदाला अकराशे मीटरच्या आसपासच्या वेगाने हाडावर आपटली तर ती वरच्या वरच फुटते, मोठी उथळ जखम करते आणि आतल्या अवयवांपर्यंत पोहोचत नाही. कोल्हा कोसळतो, उठतो आणि कुंपणाखालून निघून जातो. दहा ग्रेन जास्त असलेली आणि थोडी संथ गोळी हाड ओलांडून आत जाते. आठ किलोंच्या प्राण्यासाठी वजन लागत नाही, हे बाजूने मारलेल्या गोळीपुरतेच खरे आहे.

आमच्याकडे ५० ग्रेन लोकप्रिय असण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्याचे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण या लहान हरणांसाठी किमान .२२० इंच व्यास, किमान ५० ग्रेनची उमलणारी गोळी आणि नळीच्या तोंडाशी किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा अशी अट २००७ पासून आहे. त्यामुळे .२२३ बाळगणारा माणूस ५० किंवा ५५ ग्रेनचे एकच काडतूस निवडतो, त्यावर दुर्बीण जुळवतो आणि कोल्हा व मुंटजॅक दोन्ही त्याच्यावरच भागवतो. माळरान यांना ही अट लागू नाही. पण ब्रिटिश लोकांचे सल्ले वाचताना पन्नासचा आकडा वारंवार का दिसतो, ते यावरून कळेल.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. शिट्टी आम्हीही वाजवतो, विशेषतः पहाटे, त्यामुळे श्रॉपशरकरांचा मुद्दा मला थेट लागू पडतो. ४० ग्रेन बाजूला ठेवतो. उसळण्याविषयी मात्र अजून कुणी सविस्तर लिहिलेले नाही. आणि शेजाऱ्यांची .२२२ ही १:१४ ची असेल, तर त्यांनी कोणत्या गोळ्या टाळाव्यात, हेही त्यांना सांगायला आवडेल. ते मला वर्षानुवर्षे शहाणपण शिकवत आले आहेत. एकदा परतफेड करण्याची संधी आहे.

होबार्टची पशुवैद्य

मी स्वतः कोल्ह्यांमागे जात नाही, पण नवरा शिकार करतो आणि माझ्या टेबलावर उपचारासाठी शिकारी पक्षी येतात, म्हणून लिहिते. तुमच्या दोन्ही शंकांचे उत्तर एकाच ठिकाणी येऊन मिळते: गोळी कशाची बनवलेली आहे.

शिसाच्या गाभ्याची नाजूक गोळी प्राण्याच्या शरीरात बारीक बारीक तुकड्यांत विखुरते. तुमच्या रस्त्याच्या दृष्टीने हे चांगले. तिचा नेम चुकून ती मातीत किंवा दगडावर आपटली तरी बहुतेकदा ती तिथेच फुटते, आणि जे कण उडतात ते फार दूर जात नाहीत. या बाबतीत हलकी, पातळ आवरणाची आणि जलद गोळी ही जड, जाड आवरणाच्या गोळीपेक्षा उजवी ठरते. मात्र दोन अपवाद आहेत. अंतर वाढले, वेग उतरला, की हीच गोळी कमी फुटते आणि जास्त उसळते. आणि .२२ रिमफायरची संथ, गुळगुळीत, ओतीव शिसाची गोळी तर ओल्या मातीवरून आणि पाण्यावरूनही उसळते. तुमच्या दोन रायफलींपैकी रस्त्याला जास्त धोका जुन्या .२२ चा आहे, हे ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल.

आता दुसरी बाजू. शिसाचे हे कण मेलेल्या कोल्ह्यात राहतात आणि तो माळावर पडून राहिला की वेज-टेल्ड गरुड, कावळे आणि इतर प्राणी तो खातात. टास्मानियातल्या गरुडांच्या यकृतात आणि हाडांत शिसे आढळल्याची नोंद संशोधकांनी केलेली आहे. यावर साधा उपाय असा की मारलेला कोल्हा उचलून आणावा आणि खोल पुरावा. दुसरा उपाय तांब्याच्या गोळीचा आहे, आणि तिथे जुनी नळी यांनी सांगितलेला लांबीचा मुद्दा कळीचा ठरतो. शिसाची घनता ११.३, तांब्याची ८.९. त्याच व्यासात तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे बरीच लांब होते. ५० ग्रेनची तांब्याची गोळी १:१४ च्या नळीतून स्थिर सुटेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांना सांगावे की खोक्यावर ५० हा आकडा पाहून तांब्याची गोळी घेऊ नये, त्यांच्या .२२२ मध्ये शिसाच्या गाभ्याची, सपाट बुडाची ५० ग्रेनची गोळीच उत्तम. तुमच्या १:८ ला मात्र तीच तांब्याची गोळी सहज चालेल. माझ्या मते १:८ ट्विस्टचा खरा उपयोग तुम्हाला इथे आहे.

पण अखंड तांब्याची गोळी फुटत नाही, उमलते आणि एकसंध राहते. म्हणजे ती उसळण्याची शक्यता जास्त. दाबलेल्या धातूच्या भुकटीचा गाभा असलेल्या बिनशिसाच्या गोळ्या या दोहोंमधला मार्ग आहेत. त्या फुटतात, पण महाग पडतात आणि वजनाच्या मानाने खूप लांब असतात. रस्ता जवळ असलेल्या अंगाला शिसाची नाजूक गोळी वापरून कोल्हा पुरणे आणि दुसऱ्या अंगाला हवे तर तांबे, असे मी सुचवले असते. पण दोन गोळ्यांसाठी दुर्बीण दोनदा जुळवावी लागते, आणि रात्री यूटवर कुणाच्या ते लक्षात राहणार?

जुनी नळी

ताईंनी लिहिलेले अगदी योग्य आहे आणि त्याला इतिहासाचा एक दाखला जोडतो. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीला सुरुवातीला १:१४ चाच ट्विस्ट होता. अतिथंड हवेत घेतलेल्या चाचण्यांमध्ये ५५ ग्रेनची लष्करी गोळी त्यातून पुरेशी स्थिर सुटत नाही असे दिसले, कारण थंड हवा दाट असते आणि गोळीला जास्त डगमगवते. त्यानंतर १९६३ मध्ये तो १:१२ करण्यात आला. हॅमिल्टनच्या हिवाळ्यात हा प्रश्न उद्भवणार नाही. तरीही १:१४ च्या नळीत ५५ ग्रेनची लांब, निमुळत्या बुडाची गोळी वापरणे म्हणजे अगदी काठावर चालणे आहे. शेजाऱ्यांचा पन्नासचा आग्रह पुष्कळ शहाणपणाचा आहे.

श्रॉपशरकरांचा मुद्दा मला मान्य आहे. चाळीसवर मी जोर दिला नव्हता, पण ती नको हे स्पष्टपणे लिहायला हवे होते.

माळरान

या शनिवारी निशाणाच्या मैदानावर तीन खोके घेऊन गेलो. शंभर मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट मारले आणि प्रत्येक गटानंतर नळी निवू दिली. ५० ग्रेनच्या प्लास्टिक टोकाच्या गोळीने दोन सेंटिमीटरच्या आतले गट दिले. ५५ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट साडेतीनच्या आसपास गेली. ५३ ग्रेनची या दोघींच्या मधली. एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती: दुर्बिणीला हात न लावता ५० आणि ५५ यांचे गट एकाखाली एक पडले नाहीत, ५५ चा गट खाली आणि थोडा डावीकडेही सरकला. याचे कारण काय असावे? आणि ५० नक्की करायची झाल्यास दुर्बीण किती अंतरावर जुळवावी? मैदानावरचे लोक २०० मीटर म्हणतात.

जुनी नळी

काडतूस फुटले की नळी थरथरते, आणि गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड कुठे आहे यावर गटाची जागा ठरते. वजन व वेग बदलला की तो क्षण बदलतो. म्हणून गट आडवाही सरकतो, आणि म्हणूनच एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यासुद्धा वेगवेगळ्या जागी पडू शकतात. ५५ ग्रेन हे वजन तुमच्या नळीला मानवत नाही, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. ती विशिष्ट सॉफ्ट पॉइंट मानवली नाही, एवढेच यावरून म्हणता येते. प्लास्टिक टोकाची ५५ कदाचित वेगळा निकाल देईल. पण दोन सेंटिमीटरचा गट हातात असताना तो शोध घेण्याची गरज नाही. त्याच गोळीचे, शक्य असल्यास एकाच लॉट क्रमांकाचे, जास्त खोके घेऊन ठेवावेत.

दुर्बीण २०० मीटरवर जुळवली तर ५० ग्रेनची गोळी १०० आणि १५० मीटरवर चार-साडेचार सेंटिमीटर वर लागते. लक्ष्याच्या मध्यापासून पाचच सेंटिमीटर हाताशी असताना त्यातले चार असे खर्च करणे मला पटत नाही, विशेषतः तुमचे बहुतेक कोल्हे याच पट्ट्यात असताना. १५० मीटरवर जुळवली तर ती ५० मीटरवर जवळजवळ नेमावरच, १०० वर दीड-दोन सेंटिमीटर वर आणि २०० वर पाच-सहा सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे १५० पर्यंत मध्यावर नेम धरायचा आणि २०० वर पाठीच्या रेषेच्या किंचित खाली. हे आकडे दुर्बिणीची मध्यरेषा नळीच्या मध्यापासून चार सेंटिमीटर वर आहे असे धरून काढलेले आहेत. थर्मल (प्राण्याच्या अंगच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणारी) दुर्बीण बसवलीत तर ही उंची बहुधा वाढेल, आणि मग आकडे मैदानावर पुन्हा तपासावे लागतील.

श्रॉपशरकर

१५० ला माझेही अनुमोदन. रस्त्याच्या बाजूबद्दल एक सुचवतो. दिवसा उजेडी शेतावर फिरून, कोणत्या जागेवरून कोणत्या दिशेला मागे मातीचा उतार आहे, ते पाहून ठेवावे आणि जिथे तो नाही तिथे कुंपणाच्या खांबांना परावर्तक पट्टी लावावी. स्पॉटलाइटमध्ये त्या पट्टीच्या पुढे कोल्ह्याचे डोळे चमकले तर बोल्टला हातच लावायचा नाही.

माळरान

परावर्तक पट्टी आजच मागवली. शेजाऱ्यांना तांब्याच्या गोळीचे सांगितले. ते म्हणाले, हे आपल्याला ठाऊकच होते.